सात सह्या

लालबाग-परळ म्हणजे गिरणगाव. कोकणातून, घाटावरून माणसे गिरणीत कामाला आली. त्यांच्याबरोबर आपला हुतुतूही आला. चाळीच्या पटांगणात डाव रंगले, कबड्डीची मंडळे निघाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मंडळे मात्र आहेत.

खेळायला मैदान पुरे, मग नोंदणी कशाला? आम्हीही असेच म्हणत होतो. वर्गणी एकाच्या खिशात असे. माणूस प्रामाणिक, पण वही नव्हती. बक्षिसाच्या पैशांवरून तंटा झाला. दोन सख्खे भाऊ वर्षभर बोलले नाहीत.

मग शहाणे झालो. कबड्डीत एका बाजूला सात खेळाडू. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यालाही निदान सात माणसे लागतात. सातजण बसलो, नियम लिहिले, सह्या केल्या. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत नोंदणी झाली. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडले. खरे काम खजिनदाराचे! रुपया आला की पावती, गेला की वहीत नोंद. बँकेतले पैसे दोघांच्या सहीनेच निघतात. वर्षातून एकदा सभेत हिशेब वाचायचा.

पहिल्याच सभेत धाकट्या भावाने वही मागितली. आकड्यांवरून बोट फिरवले. म्हणाला, “एवढा चहा कोण प्याला?”

सगळे हसले. थोरलाही हसला.