देऊं केलेलें दान परत आलें तर

खुलताबादेचा एखादा भाऊ आजारी बहिणीस आपलें मूत्रपिंड देण्याचा निश्चय करून छत्रपति संभाजीनगरास तपासणीला जातो, आणि डॉक्टर नकार देतात. असा मनुष्य घरीं येतो तो लज्जित होऊन. जणूं त्याची प्रीतीच उणी भरली. प्रिय वाचकहो, हा विचार खोटा आहे. मधुमेह, रक्तदाब अथवा मूत्रपिंडाची दुर्बलता आढळली असतां दात्यास नाकारणें हें वैद्याचें कर्तव्यच होय. कारण त्याला पुढें एकाच मूत्रपिंडावर जन्म काढावयाचा असतो. (लपलेला रोग वेळीं कळला, हेंही थोडें नव्हे, त्याचा उपचार आधीं सुरू करावा.) दुःख होणारच. मात्र बहिणीपाशीं क्षमा मागत बसूं नये. तसें केल्यास त्या आजारी बाईलाच याचें सांत्वन करावें लागतें.

केवळ रक्तगट जुळला नसेल, तर वाट बंद झाली नाहीं. २०११ च्या दुरुस्तीनें कायद्यानें अशा दोन कुटुंबांतील जवळच्या नातलगांस परस्परांच्या रोग्यांकरितां दान करण्याची मोकळीक दिली आहे. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठीं रुग्णालयामार्फत नांवही नोंदवितां येतें. संभाजीनगरांत त्याचें विभागीय समन्वय केंद्र आहे.

दाविदास मंदिर बांधण्याची मनाई झाली. त्यानें शलमोनाकरितां दगड, लोखंड व गंधसरू जमविले. नाकारलेल्या भावापुढेंही काम आहे. डायलिसिसला बहुधा आठवड्यांतून दोन-तीन वेळां जावें लागतें, दर वेळीं सुमारें ४ तास. तेथें सोबतीला कोणी तरी पाहिजे, आणि घरीं पाणी व मीठ मोजून देणारेंही.