माहितीपत्रक लिहितांना : गूळ-उत्पादकांस कांहीं सूचना

शेतमाल पिकविणें ही एक विद्या आहे, आणि पिकविलेला माल चार ओळींत परक्या माणसास समजावून देणें ही दुसरी. पहिली विद्या बारामती-इंदापूर भागांतील बागाइतदारास कोणीं शिकवावी अशी स्थिति नाहीं. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला तेव्हांपासून येथें ऊंस होत आला आहे, आणि साखर कारखाने निघण्यापूर्वीं त्या उंसाचा गूळच होत असे. दुसऱ्या विद्येची मात्र आपणांस फारशी गरज पडली नाहीं. ढेप पेठेंत नेऊन ठेवली कीं व्यापारी ती फोडून, चाखून, रंग पाहून भाव बोलत असे. माल स्वतःच स्वतःविषयीं बोलत होता. कागदाचें तेथें कांहीं काम नव्हतें.

अलीकडे आपल्यांपैकीं कांहीं बंधु गूळ, काकवी व गुळाची पावडर थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवूं लागले आहेत. हा ग्राहक ढेप फोडून पाहत नाहीं. त्याच्या हातीं प्रथम पडतें तें माहितीपत्रक, आणि त्यावरूनच तो घ्यावें कीं न घ्यावें हें ठरवितो. म्हणून हें पत्रक कसें लिहावें व कसें छापावें, याविषयीं आम्हांस जें ठेंच लागून कळलें तें येथें क्रमानें सांगतों.

आमची फजिती

आमची नोकरी महसूल कचेरींत गेली. सातबारा, फेरफार व पंचनामे लिहिण्यांत हयात घालविल्यावर, कागद कसा लिहावा हें आपणांस कळतें, असा आमचा समज होता. तीन वर्षांपूर्वीं पुतण्यानें वस्तीवर गुऱ्हाळ घातलें, तेव्हां पत्रकाचें काम आम्हीं आपण होऊन अंगावर घेतलें. 'अमृततुल्य', 'सर्वोत्कृष्ट', 'शंभर टक्के रसायनविरहित', 'अनेक रोगांवर गुणकारी' असे शब्द ओळीनें बसविले, चकचकीत कागदावर दोन हजार प्रती छापून घेतल्या आणि पुण्यांतील एका प्रदर्शनांत टेबलावर मांडल्या.

तेथें एक शिक्षिका बाई आल्या. पत्रक शेवटपर्यंत वाचून त्यांनीं विचारलें, "काका, गुळांत हायड्रॉस घालत नाहीं ना?"

आम्हीं पुतण्याकडे पाहिलें. त्यानें मान खालीं घातली. शेवटच्या दोन काहिलींस रंग येईना म्हणून गुळव्यानें ती पावडर टाकली होती, आणि तो गूळ इतर मालांत मिसळून गेला होता. गूळ पिवळा दिसावा म्हणून ही पावडर अनेक ठिकाणीं वापरतात. तिच्यामुळें गंधकाचा अंश गुळांत राहतो, हें आतां शहरांतील जाणत्या गिऱ्हाइकांस ठाऊक झालें आहे. आम्हीं बाईंस खरें तें सांगितलें. त्या रागावल्या नाहींत. "मग हें छापायला नको होतें," एवढेंच म्हणून त्यांनीं पत्रक टेबलावर परत ठेवलें व त्या पुढें गेल्या. त्यांच्या सोसायटींतील बारा घरांचा गूळ घेण्यास त्या आल्या होत्या, हें आम्हांस शेजारच्या टेबलावरून मागाहून कळलें. उरलेल्या अठराशें प्रती आम्हीं घरीं आणून चुलवाणांत घातल्या.

कचेरींतील कागदावर जें लिहिलें जातें तें लिहिणारास बांधतें, हें आम्हीं जन्मभर पाहिलें होतें. आपलें पत्रकही तसाच कागद आहे, हें मात्र त्या दिवशीं प्रथम उमगलें.

वाचणारा कोण?

लेखणी उचलण्यापूर्वीं हें पत्रक कोणाच्या हातीं पडणार तें ठरवावें. व्यापाऱ्यास ढेपेचें वजन, किती माल कोणत्या महिन्यांत मिळेल, भाव, आणि माल पोंचविण्याचा खर्च कोणाकडे, एवढें हवें असतें. गृहिणीस यांपैकीं निम्में नको असतें, आणि तिला जें हवें तें व्यापारी विचारीत नाहीं. दोघांस एकच पत्रक दिलें तर तें दोघांसही अपुरें पडतें. व्यापाऱ्यासाठीं साधा एक कागद पुरतो. पुढील सूचना घरगुती ग्राहकाच्या पत्रकाविषयीं आहेत.

आम्ही पहिल्या पत्रकांत 'ऊंस को ८६०३२' असें ठळक छापलें होतें. पाडेगांवच्या ऊंस संशोधन केंद्रावर जाणाऱ्या शेतकऱ्यास त्या आंकड्यांत पुष्कळ अर्थ आहे. सदाशिव पेठेंतील गृहिणीस कांहींच नाहीं. आपणांस अभिमान कशाचा वाटतो हें बाजूस ठेवून, तिला शंका कशाची येते हें शोधलें पाहिजे.

शंका आधीं, स्तुति मागाहून

या बाबतींत आपल्या मराठी मुलखांतील एक जुनें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. परंतु लोखंडानें जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळें तो खपेना. नांगराचें वजन किंवा मजबुती कितीही वर्णिली तरी ती भीति जाणार नव्हती. आड आलेली शंकाच दूर व्हावी लागली. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० पासून शंकरराव किर्लोस्कर यांनीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र सुरू केलें. कारखान्याच्या मालाची व कामाची हकीकत लोकांस कळविण्यासाठीं निघालेलें तें पत्र पुढें महाराष्ट्रांतील एक नामांकित मासिक झालें. माल करणें हें जसें काम आहे, तसें त्याची माहिती देणें हेंही स्वतंत्र व नेटानें करण्याचें काम आहे, हें त्या मंडळींनीं शंभर वर्षांपूर्वीं ओळखलें होतें.

म्हणून पुढील हंगामांत आम्हीं एक वही घातली. गिऱ्हाइकानें विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच शब्दांत तींत उतरून घेतला. महिनाभरांत दिसून आलें कीं प्रश्न फिरून फिरून तेच सातआठ असतात. काय घालतां? रंग काळपट कां? पावसाळ्यांत पाघळतो का? चहा नासतो का? किती वजनाची ढेप? घरीं पोंचवितां का? खराब निघाल्यास काय? हीच आमच्या नव्या पत्रकाची अनुक्रमणिका झाली. विशेषणें त्यांत बसेनाशीं झालीं, कारण एकाही गिऱ्हाइकानें 'हा अमृततुल्य आहे का' असें विचारलें नव्हतें.

मजकुराचा नमुना

नवा मजकूर आम्हीं असा केला :

'ऊंस आमच्या शेतांतला, गुऱ्हाळ आमच्या वस्तीवर. रस भेंडीच्या रसानें निवळतों. लागेल तेव्हां थोडा चुना घालतों. रंगासाठीं कोणतीही पावडर घालत नाहीं, म्हणून गूळ तपकिरी दिसतो व प्रत्येक काहिलीचा रंग थोडा वेगळा येतो. गुऱ्हाळ थंडींत चालतें. होळीनंतर शिल्लक असेल तेवढाच माल मिळतो. ढेप एक किलोची व पांच किलोची. पावसाळ्यांत हवाबंद डब्यांत ठेवावा. वजन कमी किंवा माल खराब निघाल्यास आठ दिवसांत कळवावें, बदलून देऊं. गुऱ्हाळ पाहण्यास यावें, आधीं फोन करावा.'

चुन्याचा उल्लेख करूं नये, असें पुतण्याचें मत पडलें. आम्हीं तो ठेवला. जो माणूस चुना लपवीत नाहीं तो पावडरही लपवीत नसेल, असें वाचणारास वाटतें. माल कधीं मिळणार नाहीं, हें सांगितल्यानेंही गिऱ्हाईक तुटत नाहीं. उलट तें थंडींतच मागणी नोंदवितें.

कायद्यानें सांभाळण्याच्या गोष्टी

पहिली गोष्ट, अन्नसुरक्षा कायदा २००६ मध्यें जाहिरातीची व्याख्या फार विस्तृत आहे. परिपत्रक, वेष्टन, बिल, सर्व तींत येतें. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. 'अनेक रोगांवर गुणकारी' हें वाक्य म्हणून निरुपद्रवी समजूं नये; तें काढून टाकावें. आपला चौदा आंकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक मात्र अवश्य छापावा.

दुसरी गोष्ट, 'कोल्हापुरी गूळ' हें नांव आपल्या मालास लावूं नये. कोल्हापूरच्या गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, आणि तें नांव त्या भागांतील गुळाचें आहे. नीरेच्या पाण्यावरचा गूळ नीरेच्याच नांवानें विकावा.

तिसरी गोष्ट, 'सेंद्रिय' हा शब्द आतां मोकळा राहिलेला नाहीं. त्याविषयीं २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत. प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक द्यावा. नसेल तर शेतांत प्रत्यक्ष काय घालतां तें साध्या शब्दांत सांगावें.

चौथी गोष्ट, वेष्टनावरील वजन, किंमत व पत्ता पत्रकांतील मजकुराशीं तंतोतंत जुळला पाहिजे. दोन कागदांत दोन आंकडे दिसले कीं वाचणारा दोन्हींवर अविश्वास ठेवतो.

मांडणी व छपाई

घरगुती पत्रकास ए-४ आकाराचा, दोन घड्या घातलेला एक कागद पुरतो. त्याचीं सहा पानें होतात. पहिल्या पानावर मालाचें नांव, गांव आणि एक छायाचित्र. आंतील तीन पानांवर प्रश्न व उत्तरें. आंत दुमडणाऱ्या पानावर वजनें व मागणीची रीत. पाठीमागें पत्ता, फोन व परवाना क्रमांक. आंत दुमडणारें पान इतरांहून दोन-तीन मिलिमीटर अरुंद ठेवण्यास सांगावें, नाहींतर घडी फुगते.

छायाचित्र आपल्याच गुऱ्हाळाचें असावें. उसना घेतलेला हिरवागार मळा पाहून गिऱ्हाईक वस्तीवर आलें, तर पहिल्याच पावलीं त्याची निराशा होते. अक्षराचे दोनहून अधिक प्रकार वापरूं नयेत, आणि आजीबाईंस चष्म्याशिवाय वाचतां येईल एवढें अक्षर मोठें असावें. कागद रिकामा दिसतो म्हणून भरूं नये. कोरी जागा डोळ्यास विसावा देते.

भाव पत्रकांत छापूं नये. तो दर हंगामास बदलतो आणि जुनीं पत्रकें खोटीं ठरतात. भावाची वेगळी चिठ्ठी करून ती आंत ठेवावी.

घरीं संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर छापखान्याच्या जुन्या अक्षरांत नेला असतां जोडाक्षरें फुटतात. 'गुऱ्हाळ' या शब्दाचेच आमच्याकडे तीन तुकडे झाले होते. म्हणून छापण्यापूर्वीं कच्ची प्रत कागदावर मागून घ्यावी. एकानें मोठ्यानें वाचावें, दुसऱ्यानें मूळ प्रतीवर बोट ठेवावें. कचेरींत आम्ही नकला अशाच ताडून पाहत असूं. फोन क्रमांक डोळ्यांनीं तपासूं नये, कच्च्या प्रतीवरून प्रत्यक्ष लावून पाहावा. क्यूआरचा चौकोन छापणार असाल तर तोही दोन निरनिराळ्या मोबाईलांवर उघडून पाहावा. आणि पहिल्या खेपेस दोनशेंहून अधिक प्रती छापूं नयेत.

प्रती वांटल्यावर काम संपत नाहीं. मागणी आली कीं पत्रक कोठें मिळालें हें विचारून वहींत लिहावें. तारीख, गांव, पत्रक कोठून, माल किती, पुन्हा मागणी आली कीं नाहीं, असे पांच रकाने पुरे आहेत. हंगामाअखेर ती वही कोणत्याही सल्लागाराहून अधिक सांगते.

शेवटची सूचना

ही सूचना आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतों. नवें पत्रक छापखान्यांत देण्यापूर्वीं आम्हीं तें गुऱ्हाळावर नेलें आणि गुळव्यास मोठ्यानें वाचून दाखविलें. 'रंगासाठीं कोणतीही पावडर घालत नाहीं' या वाक्यावर त्यानें थांबविलें. "तात्या, असं छापणार असाल तर तो डबा हितं ठेवू नका. व्यापारी रंगाला नाक मुरडतो, मग माझा हात जातो," असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें बरोबर होतें. आदल्या वर्षीं दोष त्याचा एकट्याचा नव्हता. आम्हीं कागदावर एक वचन दिलें होतें आणि तें पाळणारास त्याचा पत्ताही नव्हता. त्याच संध्याकाळीं पुतण्यानें डबा गुऱ्हाळावरून हालविला, आणि रंगामुळें भाव कमी आला तरी गुळव्यास बोल लावायचा नाहीं असें ठरलें. मगच पत्रक छापलें.

त्यांतील एक प्रत आम्हीं त्या शिक्षिका बाईंचा पत्ता मिळवून टपालानें पाठविली. पंधरा दिवसांनीं त्यांचा फोन आला. बारा घरांची नव्हे, एका घराची, एक किलोची मागणी होती. ती आम्हीं वहीच्या पहिल्या ओळींत लिहून ठेवली आहे. शेवटचा रकाना दोन महिने कोरा होता. संक्रांतीच्या आधल्या आठवड्यांत तो भरला.