गर्भातील बाळाचे रक्त कसे मोजतात?

उन्हाळ्यात राजापेठेत लिंबूसरबताच्या गाडीपाशी उभे राहाल तेव्हा एक विचार करा. पिंप न उपसता आत किती पाणी आहे ते सांगता येईल का? येईल. मोजून साखर घालावी, नीट ढवळावे आणि पेलाभर काढून गोडी किती वाढली ते तपासावे. गोडी थोडीच वाढली, तर पाणी पुष्कळ. मातेच्या उदरातील बाळाचे रक्तही याच युक्तीने मोजतात.

रक्तक्षय म्हणजे रक्त कमी, असे आपण सहज म्हणून जातो. बहुधा कमी होतात त्या तांबड्या पेशी. त्यांची जागा रक्तद्रव भरून काढतो व एकूण आकारमान फारसे घटत नाही. पिंप भरलेलेच, सरबत तेवढे पातळ!

आई आरएच-ऋण (आपल्या देशात शंभरांत सुमारे पाच) आणि बाळ आरएच-धन असेल, तर आधीच्या बाळंतपणात आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून जाऊन या बाळाच्या पेशी फोडतात. म्हणून अशा आईला प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. आपल्या विदर्भातला सिकलसेल मात्र गर्भाला सहसा जाचत नाही. जन्मापूर्वीचे हिमोग्लोबिन निराळे असते.

१९६३ साली न्यूझीलंडच्या डॉ. विल्यम लायली यांनी गर्भाच्या उदरपोकळीत रक्त सोडून दाखवले. आता ते नाळेच्या शिरेतून देतात. समजा, २८ आठवड्यांच्या बाळाच्या रक्तात पेशी २० टक्के आहेत. ८० टक्के पेशींचे ६० मिलिलिटर रक्त दिल्यावर प्रमाण ४० टक्के झाले. मूळ आकारमान 'क्ष' धरू.

०.२ क्ष + ४८ = ०.४ (क्ष + ६०)

म्हणून क्ष = १२० मिलिलिटर, तेही वारेतल्या रक्तासकट. जेमतेम कपभर! पण रक्त देतादेताच थोडा द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो. त्यामुळे हे उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. १० मिलिलिटर झिरपला असे धरून गणित पुन्हा करून पाहा.

उशीर झाला तर हृदय थकते, बाळाच्या अंगावर सूज येते. म्हणून सुई टोचण्यापूर्वीच अंदाज हवा. पातळ रक्त वेगाने धावते. डॉपलर म्हटले की आमच्या वर्गाला बडनेऱ्याच्या गाडीची शिट्टी आठवते. इथे तोच परिणाम श्राव्यातीत ध्वनीने बाळाच्या मेंदूतील मधल्या रोहिणीत पाहतात. मारी व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की तिथला कमाल वेग त्या वयाच्या मध्यकाच्या दीडपटीहून अधिक असेल, तर मध्यम किंवा तीव्र रक्तक्षयाची शंका घ्यावी.