मोटारसायकलच्या साखळीस थेंबथेंब तेल : घरीं करावयाची एक आधारपट्टी



आपल्या आजोबांच्या काळीं बैलगाडी लांबच्या वाटेस निघाली, म्हणजे तिच्या खालीं वंगणाचें एक नळकांडें टांगलेलें असे. वाटेंत चाक करकरूं लागलें, कीं गाडीवान खालीं उतरे, आंसास वंगण देई आणि पुढें चालूं लागे. त्यास यंत्रशास्त्र कोणीं शिकविलें नव्हतें. परंतु वंगण घरच्या फडताळांत असून उपयोग नाहीं, तें चाकाजवळ पाहिजे, एवढें तो पक्कें जाणत होता. पुढें पुष्कळ घरीं बैलगाडीची जागा मोटारसायकलनें घेतली. नळकांडें मात्र मागें राहिलें. तें नव्या रूपानें कसें जोडावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत या विषयास विशेष महत्त्व आहे. चंद्रपूरकडील रस्त्यांवर कोळशाची बारीक पूड उडते. गडचिरोलीच्या रानांतून जाणाऱ्या वाटांवर उन्हाळ्यांत तांबडी धूळ व पावसाळ्यांत चिखल असतो. आलापल्लीहून भामरागडास जावयाचें, तर साठांहून अधिक किलोमीटर वाट बहुतेक जंगलांतून आहे. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा मार्ग अनेक पावसाळ्यांत बंद पडलेला आहे. अशा वाटेवर साखळी तुटली, तर मिस्त्री जवळ सांपडत नाहीं.

प्रथम साखळीची रचना समजून घेऊं. हान्स रेनल्ड नांवाच्या, स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या गृहस्थानें इंग्लंडांतील मँचेस्टर येथें इ. स. १८८० मध्यें बुश-रोलर साखळीचें पेटंट घेतलें. आजची मोटारसायकलची साखळी मूलतः त्याच जातीची आहे. तिच्या प्रत्येक सांध्यांत मध्यें एक खिळी, खिळीभोंवतीं एक बारीक नळी, आणि नळीभोंवतीं फिरणारें रोलर असतें. रोलर दंतचक्राच्या दातांवर बसतें. परंतु खरी झीज आंत, खिळी व नळी यांमध्यें होते. म्हणून साखळी वरून तेलकट दिसली म्हणजे झालें, असें नाहीं. तेल दोन पट्ट्यांच्या फटींतून आंत शिरलें पाहिजे. कांहीं साखळ्यांत रबराच्या कड्या बसवून ग्रीस आंतच कोंडलेलें असतें. त्यांसही रोलरसाठीं व गंज न चढावा म्हणून बाहेरून थोडें तेल लागतेंच.

आतां थोडें गणित करूं. समजा, मागील दंतचक्रास ४२ दात आहेत, साखळीस १२० कड्या आहेत, आणि मागील चाकाचा परीघ १.९ मीटर आहे. एक किलोमीटरांत चाक सुमारे ५२६ वेळां फिरेल. म्हणजे साखळीचे सुमारे १८४ फेरे होतील. प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक सांधा दोन दंतचक्रांवर मिळून दोनदां वांकतो व दोनदां सरळ होतो. यावरून एका किलोमीटरांत एका सांध्याच्या हालचाली ७३६ च्या आसपास, आणि ६५ किलोमीटरांत सुमारे ४८ हजार होतात! इतक्या वेळां घांसणाऱ्या सांध्यास महिन्यांतून एकदां तेलानें न्हाऊं घालणें, म्हणजे मनुष्यास महिन्याचें पाणी एका दिवशीं पाजण्यासारखें आहे. जास्तीचें तेल उडून जातें, त्यावर धूळ बसते आणि तिचें कानशीसारखें घासणारें रांधण तयार होतें. यास उपाय एकच : थोडें, परंतु नित्य.

हा विचार नवा नाहीं. कांहीं जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत इंजिनाच्या श्वासनळींतून येणारें तेलाचें तुषार मागील साखळीवर सोडीत असत. पुढें स्कॉटलंडांत फ्रेझर स्कॉट यांनीं इंजिनाच्या शोषणशक्तीवर उघडझांप होणारें थेंबतेलाचें यंत्र तयार केलें; तें स्कॉटॉइलर या नांवानें प्रसिद्ध झालें. तें विकत घेणें सर्वांस परवडत नाहीं. परंतु त्याचें तत्त्व आपल्या घरीं, थोड्या सामानांत साधतां येतें. ज्या गाड्यांची साखळी पूर्ण पेटींत झांकलेली असते, त्यांस मात्र हें साधन लावूं नये व त्याची गरजही नसते.

साहित्य. शंभर मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली, औषधाच्या दुकानांतून आणलेला सलाईनचा कोरा संच, २० मि. मी. रुंद व २ मि. मी. जाड लोखंडी पट्टी, सुमारे १५ सें. मी. लांब, दोन बोल्ट, नायलॉनचे नट, जुन्या ट्यूबच्या रबराच्या चकत्या, ड्रिल, कानस व जाड पुठ्ठा. रुग्णालयांत वापरून टाकलेला संच कधींही उचलूं नये; त्यापासून रोग होण्याचें भय आहे. सलाईनच्या संचांत थेंब मोजण्याची पारदर्शक कुपी व थेंब कमीजास्त करण्याचें लहान चाक असतें. आपणांस तींच हवीं आहेत. तेल इंजिनाचें नेहमींचें २०-डब्ल्यू-४० चालेल.

कृति. बाटली आसनाखालीं बाजूच्या झांकणाच्या आंत, उंच जागीं बांधावी. तिच्या टोंपणास सुईनें एक बारीक छिद्र पाडावें. नाहीं तर बाहेरील हवा आंत न गेल्यामुळें कांहीं वेळानें तेल येणें बंद पडेल. वायूच्या दाबाचा धडा आपण वाचला आहेच. नळीचें शेवटचें टोंक मागील दंतचक्राच्या बाहेरील अंगास, टायरपासून दूर, आणि खालची साखळी मागें जाऊन दंतचक्रास जेथें भिडूं लागते त्या जागेजवळ आणावें. टोंक दातांच्या किंचित् आंत, चक्रापासून २ ते ३ मि. मी. अंतरावर असावें. थेंब चक्राच्या अंगावर पडला, म्हणजे फिरण्याच्या वेगानें बाहेर सरकत जातो आणि आपोआप साखळीच्या फटींत पोंचतो.

हें टोंक जागेवर धरून ठेवणारी पट्टी, हा या साधनाचा प्राण होय. ती कोठें जोडावी? मागील चाक ज्या डोलत्या दांड्यांत बसतें, ज्यास मिस्त्री लोक चिमटा म्हणतात, त्या चिमट्यासच ती जोडावी. गाडीच्या सांगाड्यास कदापि नव्हे. खड्डा आला म्हणजे चाक, दंतचक्र व चिमटा हीं तिन्ही एकत्र वरखालीं होतात; सांगाडा त्यांच्या बरोबर हालत नाहीं. ज्यास आधार द्यावयाचा, त्याच्या बरोबर आधारानें हाललें पाहिजे.

हा नियम मीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. माझी पहिली पट्टी मीं सांगाड्यास, पाय ठेवण्याच्या दांडीखालीं जोडली होती. उभ्या गाडीवर ती उत्तम दिसे; मुलांनीं तिची स्तुतीही केली. त्याच पावसाळ्यांत वसतिगृहांतील एक मुलगा तापानें फणफणला. त्यास मागें बसवून मी रुग्णालयाकडे निघालों. दोघांच्या भारानें गाडी अगोदरच खालीं बसली होती. एका मोठ्या खड्ड्यांत पट्टी आणखी खालीं गेली आणि नळी साखळींत सांपडली. पट्टी वांकली, नळी तुटली, तेल टायरवर सांडलें. मला हें कळण्यापूर्वींच पुढील वळणावर मागील चाक घसरलें व आम्ही दोघे चिखलांत पडलों. वेग थोडा होता, म्हणून प्रभुकृपेनें कोपर सोलण्यावरच निभावलें. परंतु तें तापलेलें लेंकरूं माझ्या मांडीवर डोकें ठेवून, एक ट्रॅक्टर येईपर्यंत, भर पावसांत झाडाखालीं पडून होतें. तो मुलगा बरा झाला. दोष तेलाचा नव्हता, साखळीचाही नव्हता. रिकाम्या, उभ्या गाडीवर केलेल्या माझ्या परीक्षेचा होता.

म्हणून पट्टी अशी करावी. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर लावून पाहावा. मग त्यावरून लोखंड कापावें. चिमट्यास नवें भोंक पाडूं नये, त्यानें तो दुबळा होतो. साखळीच्या वरच्या झांकणाचे जे बोल्ट चिमट्यावर असतात, त्यांपैकीं दोन बोल्टांचा उपयोग करावा. एकाच बोल्टावर पट्टी फिरते. दोहोंवर ती स्थिर राहते. चाकाच्या आंसाचा वा ब्रेकचा नट या कामीं घेऊं नये. साखळी ताणतांना चाक मागें सरतें, तेव्हां पट्टीसही मागें सरकवितां आलें पाहिजे. याकरितां भोंकें वाटोळीं न ठेवतां, शेजारीं शेजारीं ड्रिल करून कानशीनें लांबट करावीं. कडा गुळगुळीत करून रंग द्यावा व खालीं रबराच्या चकत्या घालाव्या. लोखंड साखळीपासून १० मि. मी. तरी दूर राहावें. जवळ जावयाची ती फक्त मऊ नळी. बाटली सांगाड्यावर आणि टोंक चिमट्यावर असल्यामुळें मधली नळी थोडी सैल ठेवावी, परंतु ती सायलेन्सरला किंवा टायरला लागूं देऊं नये.

परीक्षा. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद करावें व चाक हातानें पूर्ण फिरवून पाहावें. नंतर गाडी स्टँडवरून उतरवून दोघां मोठ्या माणसांनीं आसनावर बसून ती दाबावी, आणि तिसऱ्यानें पट्टीकडे पाहावें. इंजिन चालूं असतां साखळी कधींही पुसूं नये. चिंधीबरोबर बोटेंही दंतचक्रांत ओढलीं जातात.

थेंब मिनिटास एक पुरे. तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर ५० मिलिलिटर तेल २५ तास पुरेल. ताशीं ४० किलोमीटर वेगानें तेवढ्यांत १,००० किलोमीटर वाट होते. आपल्या तेलाचे थेंब किती होतात, तें प्रयोगशाळेंतील मापांत स्वतः मोजून पाहा. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हां तेल पातळ होऊन थेंब झरझर पडूं लागतात. पौषांत लावलेलें चाक वैशाखांत पुन्हां आवळावें. गाडी उभी केली कीं तोटी बंद करावी, कारण हें साधन आपण होऊन थांबत नाहीं. टायर रोज पाहावा. त्यावर तेलाचा डाग दिसला, तर तो धुतल्यावांचून गाडी काढूं नये.

साखळीची झीजही मोजावी. ४२८ क्रमांकाच्या साखळीची प्रत्येक कडी १२.७ मि. मी. असते, म्हणजे २० कड्या २५४ मि. मी. भरतात. साखळी ताणून मोजतां त्याच २० कड्या २५९ मि. मी. भरल्या, तर झीज दोन टक्के झाली. मग कितीही तेल घातलें तरी उपयोग नाहीं, साखळी बदलावी.

पालकांस एक विनंति. अठरा वर्षांखालील मुलानें गिअरची मोटारसायकल चालविणें कायद्याविरुद्ध आहे. परंतु मोजणें, नमुना कापणें, कानस चालविणें हीं कामें त्यास अवश्य करूं द्यावीं, आणि नट आवळतांना आपण शेजारीं बसावें. ज्या मुलानें स्वतः भोंक लांबट केलें, तो वरखालीं होणाऱ्या चाकाचा नियम जन्मभर विसरणार नाहीं.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दाखला आपण सर्वांस ठाऊक आहे. दिवे दहाजणींजवळ होते. जादा तेल मात्र पांचजणींजवळच होतें. पावसाळ्यांत भामरागडच्या वाटेस लागण्यापूर्वीं आपली बाटली उघडून पाहा, पट्टीचे दोन्ही नट हातानें चांचपा, आणि मगच गाडीस लाथ मारा.