सापडलेले कोंबडीचे पिल्लू

शाळेतून येताना मुलाने शर्टात दडवून कोंबडीचे पिल्लू घरी आणले, आता त्याचे काय करू, असे विचारणारी आई दवाखान्यात अधूनमधून भेटतेच. मी माणसांचा डॉक्टर. पण या प्रश्नाला बगल देत नाही. पिल्लू जगवणे आणि मूल आजारी पडू न देणे, ही दोन्ही कामे एकाच खोक्यापाशी करायची असतात.

आधी आजूबाजूला कोणाची कोंबडी पिल्लांसह फिरते आहे का, याची चौकशी करावी. पिल्लू तिचेच असेल तर आईसारखी दाई नाही. कोंबडी अनोळखी पिल्लाला टोचून मारूही शकते, म्हणून सोडल्यावर थोडा वेळ लक्ष ठेवावे. आठवडी बाजारात विकली जाणारी गुलाबी, हिरवी पिल्ले मात्र बहुधा अंडी देणाऱ्या जातीतले, उबवणी केंद्राला नको असलेले नर असतात. त्यांना आई सापडणार नाही.

आई न सापडल्यास पहिली गरज उबेची. लोक पटकन दाणे टाकतात, दूध पाजतात. पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो आणि त्यावर ते दोन दिवस सहज तगते; ते दगावते ते गारठ्याने. अंगावर नुसती लव असेपर्यंत त्याला स्वतःच्या शरीराची उष्णता टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी कमी करत जावे. पाच-सहा आठवड्यांत पिसे भरली की वेगळी ऊब लागत नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यात एका बाजूला ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा हातभर उंचीवर पक्का टांगावा. एलईडी दिवा चालणार नाही. तो उजेड देतो, ऊब देत नाही. वीज गेली तर बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून ठेवावी. तापमापकाची गरज नाही, पिल्लूच सांगते. दिव्याखाली अंग चोरून सतत ओरडत असेल तर त्याला थंडी वाजते आहे. चोच उघडी टाकून दूर कोपऱ्यात बसले तर उकडते आहे. खाली भाताचे तूस किंवा जुने सुती फडके घालावे. गुळगुळीत वर्तमानपत्र (मग ते आमचे का असेना) घालू नये. त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू अधू होऊ शकते.

पाणी उथळ बशीत, खडे टाकून ठेवावे, म्हणजे ते बुडणार नाही. चोचीचे टोक एकदा पाण्याला लावले की ते स्वतः पिऊ लागते. चमच्याने तोंडात ओतू नये. पाणी श्वासनलिकेत जाते. दूध पचत नाही, हगवण लागते. पिल्लांचे तयार खाद्य उत्तम, ते मिळेपर्यंत तांदळाची कणी किंवा भरडलेली मका चालेल. विष्ठा चिकटून गुदद्वार बंद झाले असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून हळूच पुसावे. आणि घरात उरलेली माणसांची प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून पाण्यात घालण्याची जी पद्धत पडली आहे, ती कृपया बंद करा. त्याने पिल्लाला फायदा होण्याऐवजी जंतू मात्र औषधाला निर्ढावतात.

आता घरातल्यांविषयी. ठणठणीत दिसणाऱ्या पिल्लाच्याही विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. माणसाला त्यांच्यामुळे ताप, पोटात कळा आणि जुलाब होतात. म्हणून खोके स्वयंपाकघरात ठेवू नये, त्याची भांडी ओट्यावर विसळू नयेत. हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. मुले पिल्लाला गालाशी धरतात, मुकाही घेतात. हे प्रेमाने पण ठामपणे थांबवावे. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण यांनी पिल्लू हाताळूच नये.

पिल्लू मान वाकडी करू लागले, लुळे पडले किंवा त्याला धाप लागली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाची शंका घ्यावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. परिसरात कोंबड्या किंवा कावळे एकाएकी मरत असतील तर सापडलेले पिल्लू घरात आणूच नये. बर्ड फ्लूची साथ २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला आली होती. मेलेला पक्षी उघड्या हातांनी उचलू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. त्यानंतरच्या काही दिवसांत घरात कोणाला ताप, खोकला आला किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना कोंबडीचा विषय आपणहून सांगावा. आम्ही विचारूच असे नाही.