मूल बालगृहात पाठविण्यापूर्वी

इतिहास शिकविताना १८९७ या सालापाशी मी विद्यार्थ्यांना जरा थांबवितो. त्या वर्षी १० मार्च रोजी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचविले आणि त्यातच त्यांना लागण झाली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दुरुस्ती केली. ४ ते १८ वर्षे वयाची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधार-वसाहतीत ठेवण्याची मुभा त्या दुरुस्तीने प्रांतिक सरकारांना दिली. पुढे १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी जुन्या पिढीकडून आपल्यापैकी अनेकांनी ऐकल्या असतील. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. परंतु गरीब आईबापांच्या हाती मूल सुरक्षित नाही, ही समजूत त्या कायद्याबरोबर रद्द झाली नाही. आजच्या बालसंरक्षण यंत्रणेविषयी शासनकर्त्यांना जे सांगायचे आहे, ते येथून सुरू होते.

महाराष्ट्रातील बालसंरक्षणाला दुसराही वारसा आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे येणाऱ्या विधवेला कोणी जाब विचारत नसे. बाळंतपण गुप्तपणे होई, आणि मूल सोबत न्यावे की तेथेच ठेवावे, हा निर्णय आईवर सोपविलेला होता. याच गृहात जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने दत्तक घेऊन डॉक्टर केले. मुलाचा जीव वाचवायचा तर आधी आईची अगतिकता दूर केली पाहिजे, हे त्यांना १६० वर्षांपूर्वी उमगले होते. शासनाची सुरुवात मात्र सुधारशाळांतून झाली. १९२४ चा मुंबई बाल कायदा त्याच वाटेवरचा, थोडा सौम्य झालेला टप्पा होय.

स्वतंत्र भारताचा कायदा या बाबतीत पुष्कळ पुढे आला आहे, हे मान्य केले पाहिजे. राज्यघटनेच्या कलम ३९ (च) मध्ये बालकांना स्वातंत्र्य व प्रतिष्ठा यांसह निकोप वाढीची संधी देण्याचे निर्देश आहेत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ तर स्पष्टच सांगतो की, मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणावयाचे, त्याच्या घरची सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि समितीची चौकशी ४ महिन्यांत पूर्ण करावयाची. कागदावर यात उणे काढण्यासारखे फारसे नाही.

अडते ते कोठे? आपल्या शाळेत प्रवेशासाठी येणाऱ्या माउल्यांशी बोलताना त्याचे उत्तर मिळते. पती वारलेला, स्वतः वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात. वसतिगृहात जागा नसेल तर बालगृहात तरी टाका, असे त्या हात जोडून विनवितात. अशा आईसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले असून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. ही योजना नीट चालली तर कितीतरी मुले आपापल्या घरी राहून शिकतील. परंतु उत्पन्नाचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचे खाते, गृहचौकशी, समितीचा आदेश, आणि हे सारे जमविताना रोजची मजुरी बुडवायची. एका बाईने मला सांगितले की, कागदांसाठी मारलेल्या खेपांत तिची जितकी मजुरी गेली, तितके पैसे पहिल्या हप्त्यात आलेच नाहीत. संस्थेत ठेवलेल्या मुलामागे शासन संस्थेला अनुदान देते. तेच मूल आईजवळ राहिले की आईला मात्र हेलपाटे. या व्यवस्थेत मूल घरातून निघणे सोपे आणि घरी राहणे अवघड होऊन बसले आहे.

शासनाला हे जमत नाही, असेही नाही. कोविडच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात कृती दल नेमले गेले. अनाथ झालेल्या मुलांचा शोध घेतला गेला आणि दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे राज्याने ५ लाख रुपयांची मुदतठेव ठेवली. मग ज्याचा बाप क्षयाने गेला किंवा कर्जापायी आत्महत्या करून गेला, त्या मुलाच्या दारापर्यंत यंत्रणेने का जाऊ नये?

सिग्नलवर फुगे विकणाऱ्या पारधी मुलांचे उदाहरण घ्या. मोहीम निघते, मुले गाडीत घातली जातात, आईबाप ओळखपत्रासाठी धावाधाव करतात. जन्मदाखला नसल्यामुळे हे मूल आपलेच, हेदेखील त्यांना सिद्ध करावे लागते. मुलाला रस्त्यावरून उचलणे आवश्यक असेलही. परंतु त्या पालाला पत्ता, शिधापत्रिका आणि जवळची शाळा मिळाली नाही, तर सुटून आलेले मूल पुन्हा त्याच सिग्नलवर दिसणार. १८९७ ची आठवण येते ती अशा वेळी.

बालकल्याण समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मुदत संपून नव्या नेमणुका रखडल्या की मुलांचे आदेश रखडतात. बालसंरक्षण यंत्रणेतील रिक्त पदे भरा आणि संस्थांचे सामाजिक अंकेक्षण करा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्येच बजावले होते. अशा अंकेक्षणाने काय उघडकीस येते, ते त्याच वर्षी मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाने देशाला दाखविले. १८ वर्षे पूर्ण होताच बालगृहाबाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. अनाथांना १ टक्का आरक्षणही आहे. पण अनाथ प्रमाणपत्र संस्था सोडण्यापूर्वी हाती पडले, तरच त्याचा उपयोग.

म्हणून माननीय मुख्यमंत्री, महिला व बालविकास मंत्री आणि आपल्या भागातील आमदारांकडे आमची मागणी आहे की, केवळ गरिबीपोटी मूल संस्थेत पाठवावे लागत असेल, तर तसा आदेश होण्याआधी त्या कुटुंबाचा बालसंगोपनाचा अर्ज यंत्रणेने स्वतः भरून घ्यावा. दाखले तलाठी, ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविकेने मिळून गावातच द्यावेत. अनुदान दरमहा खात्यात जमा व्हावे. बालकल्याण समितीची मुदत संपण्यापूर्वी पुढची समिती नेमलेली असावी, आणि तीत भटक्या-विमुक्त व दलित वस्त्यांत काम केलेली माणसे असावीत. या यंत्रणेपुढे येणारी बहुतेक मुले कोणत्या वस्त्यांतून येतात, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज वकील आहेत, तलाठी आहेत, नगरसेवक आहेत. प्रत्येकाने आपल्या तालुक्यात बालसंगोपनाचे किती अर्ज किती महिन्यांपासून पडून आहेत, याची माहिती जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागवावी. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आलेला आकडा निवेदनाला जोडून अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांच्या हाती द्यावा आणि पोच घ्यावी.