उक्कू पोलाद

पूर्वी दक्षिण भारतात मातीच्या मुशीत लोखंड व लाकूड बंद करून जे पोलाद सिद्ध होई, त्यास ‘उक्कू’ म्हणत. तेलंगणातील कोनसमुद्रम् गावी ते घेण्यासाठी इराणी व्यापारी येत.

१७९५ च्या सुमारास मुंबईहून हे पोलाद लंडनच्या विद्वानांकडे गेले. युरोपातील काही लोहारांनी नित्याच्या सवयीने ते पांढरे होईतो तापविले आणि ऐरणीवर ठेवून घण घातला. तोच त्याचे तुकडे झाले! पोलाद खोटे होते काय? मुळीच नाही. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. उक्कूत कर्ब शेकडा दीड भाग. त्यामुळे ते कितीतरी आधीच कणांच्या सांध्यांशी वितळू लागते. वरून घट्ट दिसणारा गोळा आतून सुटलेला, मग घणापुढे त्याचा टिकाव कसा लागावा? बरे, थंड असता ठोकावे, तर ते तडकते.

जाणता लोहार त्यास लाल रंगावर आणून हलके घाव घाली व लाली उतरताच पुन्हा भट्टीत ठेवी. एका तलवारीस असे कित्येक फेरे पडत. त्याच्यापाशी उष्णतामापक नव्हता. रंग पाहूनच तो ताप ओळखी. उन्हात लाली फसवी दिसते, म्हणून भट्टी सावलीत असे.